खेपा नकोत, तळ दाखवा

गेल्या जानेवारीत माझ्या भाच्यानं कॅनडातून एक व्हिडिओ पाठवला. तो ओंटारिओत, बॅरी गावाच्या बाजूला राहतो. दिवसा गॅरेजमध्ये मेकॅनिक, आणि हिवाळ्यात पहाटे तीनला उठून स्वतःच्या डिझेल पिकअपला पुढून लोखंडी पातं लावून लोकांच्या दारातला बर्फ हटवतो. व्हिडिओत अंधार आहे, गाडीचा पिवळा दिवा फिरतोय, आणि नांगराच्या फाळासारखं ते पातं गुडघाभर बर्फ बाजूला सारत चाललंय. मागे काळा डांबरी रस्ता उघडा पडतोय. खाली त्यानं लिहिलं होतं, "मामा, रे रोडला बर्फ पडला असता तर आपल्या सगळ्या गाड्या कामाला लागल्या असत्या."

मी त्याला उत्तर पाठवलं, "आपल्याकडेही लागतात. आपला बर्फ काळा असतो आणि तो उचलला की नाही, हे कुणाला दिसत नाही."

हा लेख त्या उत्तराचाच विस्तार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. मुंबईची नालेसफाई दरवर्षी फसते, याचं मुख्य कारण पाऊस नाही, प्लास्टिकच्या पिशव्या नाहीत, आणि डिझेल ट्रक तर नाहीच नाही. आपण चुकीची गोष्ट मोजतो आणि तिचेच पैसे देतो, हे ते कारण. आपण गाळाचे टन मोजतो, ट्रकच्या खेपा मोजतो. नाल्याचा तळ मोजत नाही.

हे मी वर्तमानपत्रं वाचून सांगत नाही. एका उन्हाळ्यात त्या खेपा मी स्वतःच्या हातानं लिहिल्या आहेत.

*

रे रोडबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण दक्षिण मुंबईतल्या अनेकांना हे हार्बर लाइनवरचं एक स्टेशन म्हणूनच ठाऊक असतं. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं नाव इथे राहिलं. १९१० च्या डिसेंबरात कुर्ल्याहून हार्बरची पहिली गाडी इथपर्यंत आली. स्टेशनातून पूर्वेला उतरलात की दारूखाना. जहाजं तोडण्याचे धक्के, लोखंडाच्या वखारी, लाकूड, साखळदंड, जुने पंप. पलीकडे कोळसा बंदर, लकडी बंदर, हे बंदर. इथली जमीन पोर्ट ट्रस्टची आणि इथला माणूस ट्रकचा. निम्मी वस्ती ट्रक चालवते, उरलेली ट्रक भरते, रिकामा करते, दुरुस्त करते किंवा ट्रकचा हिशेब लिहिते.

मी हिशेब लिहिणाऱ्यांतला. वडील ट्रक चालवायचे. मला त्यांनी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, म्हणून मी दारूखान्यातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मेहताजी झालो. सत्तावीस वर्षं मेहताजीच राहिलो.

ही वस्ती पाण्याच्या काठावर आहे आणि पाण्याच्या पातळीला आहे. मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी १८६ मुखं आहेत. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. आणखी १३५ त्या पातळीच्या वर आहेत, पण मोठ्या भरतीत बुडतात. उरली सहा. म्हणजे भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की शहराच्या बहुतेक मोऱ्यांची तोंडं बंद होतात आणि पाणी ज्या वाटेनं जायचं त्याच वाटेनं परत येतं. त्यासाठीच रे रोडला ब्रिटानिया नावाचं पंपिंग स्टेशन बांधलं. २०१६ मध्ये ते सुरू झालं. सहा पंप, प्रत्येकाची ताकद सेकंदाला सहा हजार लिटर. चांगली गोष्ट आहे. पण पंपापर्यंत पाणी पोचायला नाला मोकळा लागतो. अर्धा नाला गाळानं भरलेला असेल तर पंप कितीही मोठा असला तरी त्याच्या तोंडाशी जेवढं येईल तेवढंच तो फेकणार. घशात घास अडकलेल्या माणसाच्या पोटात कितीही जागा असून काय उपयोग?

म्हणून दर उन्हाळ्यात गाळ काढायचा. नाल्यात पोकलेन उतरतं, बकेट भरून काठावर गाळ टाकतं. दोन दिवस तो तिथेच निथळतो, मग डंपर येतो, भरतो आणि शहराबाहेर नेऊन टाकतो. बर्फाच्या देशात जे काम पातं लावलेला ट्रक करतो, तेच इथे डंपर करतो. मोसम ठरलेला आहे, शत्रू ठरलेला आहे, गाडी डिझेलचीच आहे.

*

आता भाच्याचा धंदा कसा चालतो ते ऐका. मी त्याला फोनवर खोदून खोदून विचारलं, कारण मेहताजीची खोड जात नाही.

पात्याचं वजन तीनशे-चारशे किलो. ते गाडीच्या नाकावर लटकतं, म्हणून पुढचा धुरा भक्कम लागतो आणि तोल साधायला मागच्या हौद्यात वाळूची पोती टाकावी लागतात. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देतं, म्हणून जड ओढायला, ढकलायला ते बरं. पण कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण साकळतं आणि फिल्टर चोंदतो. मग टाकीत औषध घालायचं, आणि रात्री गाडी विजेच्या प्लगला जोडून इंजिन कोमट ठेवायचं. आपण म्हैस गोठ्यात बांधतो तसं.

पैसे दोन-तीन तऱ्हांनी मिळतात. एक, दर फेरीचे. आला, बर्फ हटवला, इतके डॉलर. दुसरी तऱ्हा, अख्ख्या मोसमाचे एकरकमी. बर्फ दहा वेळा पडो की चाळीस वेळा, दार मोकळं ठेवायची जबाबदारी त्याची. आणि करारात एक ओळ असते: जमिनीवर इतका बर्फ साचला, समजा पाच सेंटिमीटर, की गाडी आलीच पाहिजे.

मी विचारलं, "फेरीच्या हिशेबात तू चार फेऱ्या जास्त लावल्यास तर?"

तो हसला. "मामा, बाई सकाळी सातला दार उघडते. तिची गाडी बाहेर निघाली तर मी आलो होतो. नाही निघाली तर नव्हतो आलो. मी कागदावर काय लिहिलं, ते कोण बघतो?"

हीच ती सगळी गोष्ट. तिथे कितीला बर्फ हटवला याचं वजन कुणी करत नाही. किती टन बर्फ ढकलला, असा प्रश्नच नाही. प्रश्न एकच, रस्ता दिसतोय का? जी गोष्ट हवी आहे तीच मोजली जाते, आणि मोजणारा माणूस म्हणजे ज्याला त्या रस्त्यावरून जायचं आहे तो.

*

आता माझी गोष्ट.

२००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरही झाला नव्हता. त्यानंतर नालेसफाईवर पैसा ओतला जाऊ लागला, आणि दोन-चार वर्षांनी एका उन्हाळ्यात आमच्या शेठनं चार डंपर एका ठेकेदाराकडे भाड्यानं लावले. सोबत मलाही लावलं. काम सोपं होतं. गाडी भरली की पावती, वजनकाट्यावर पावती, रिकामी झाली की पावती. तीन पावत्या जुळल्या की एक खेप.

माझ्याकडे वह्या दोन होत्या. एक खेपांची, ती ठेकेदाराला द्यायची. दुसरी डिझेलची, ती शेठला द्यायची. टाकायची जागा जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. भरलेला डंपर मुंबईच्या रस्त्यावर लिटरला तीन किलोमीटर देतो, ते नशीब म्हणायचं. म्हणजे खेपेला तेरा-चौदा लिटर. काम रात्रीचंच, कारण दिवसा अवजड गाड्यांना शहरात बंदी.

पहिल्या आठवड्यातच ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मेहताजी, प्रत्येक गाडीला रात्रीच्या सहा लिहीत जा." मी सहा लिहिल्या. डिझेलच्या वहीत त्या रात्री त्या गाडीपुढे आकडा होता अठ्ठावीस लिटर. अठ्ठावीस लिटरमध्ये दोन खेपा होतात. सहा खेपांना ऐंशी लिटर लागतं.

आमचा एक ड्रायव्हर होता जौनपूरकडचा, वडिलांच्या वयाचा. सकाळी सही करायला आला तेव्हा त्यानं वही उलटी फिरवून पाहिली आणि मला विचारलं, "मेहताजी, दो तो हम मारे. बाकी की चार कौन मारा?" मी म्हणालो, "उस्ताद, दस्तखत करो." त्यानं केली. त्याला घरी पैसे पाठवायचे होते आणि मला मुलीची फी भरायची होती.

ज्या दोन खेपा खऱ्या होत्या, त्याही सगळ्या गाळाच्या नव्हत्या. ओला गाळ म्हणजे निम्मं पाणी, ते वाटेत गळून जातं. काट्यावर वजन कमी भरू नये म्हणून खाली पाडलेल्या बांधकामाचं डेब्रिज आणि वरून गाळाचा लेप. भाचा तोल साधायला मागे वाळू टाकतो, ती उघड्यावर. आमची पोटात असायची.

तो सगळा उन्हाळा मी तसा लिहिला. जुलैत पहिल्या मोठ्या भरतीला आमच्या चाळीत पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईला चौघांनी खाटेसकट उचलून वर आणलं. त्या चौघांत मी होतो. ती मला म्हणाली, "काय बाबा, यंदा तर नाले साफ केले होते ना?" मी काही बोललो नाही. त्या चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं की कोणत्या नाल्यातून किती गाळ निघाला नाही, याची सगळ्यात अचूक नोंद माझ्या खुंटीवरच्या पिशवीत, डिझेलच्या वहीत आहे.

पुढच्या वर्षी मी त्या कामाला गेलो नाही. याला कुणी धैर्य म्हणू नये. मी तक्रार केली नाही, कुणाला वही दाखवली नाही, तोंड उघडलं नाही. फक्त गेलो नाही. माझ्या जागी दुसरा मेहताजी गेला.

*

ही एका मेहताजीची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण पुढे जे जाहीर झालं ते सगळ्यांनी वाचलेलं आहे. २०१५ मध्ये महापालिकेनंच नालेसफाईची चौकशी केली. खेपांच्या नोंदींत गफलती सापडल्या, न झालेल्या खेपा कागदावर दिसल्या. अभियंते निलंबित झाले, ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले. दहा वर्षांनी, २०२५ च्या मे महिन्यात, मिठी नदीच्या गाळाबद्दल पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं सुमारे ६५ कोटींच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. त्यात कोण दोषी ते न्यायालय ठरवेल, मी ठरवणार नाही. पण दहा वर्षांच्या अंतरानं तोच खेळ, तेच पत्ते, याचा अर्थ माणसं वाईट आहेत एवढाच निघतो का? माझ्या मते नाही. खेळाचा नियमच असा आहे की सरळ माणूसही त्यात वाकतो.

टनावर पैसे द्या, टन येतील. खेपेवर पैसे द्या, खेपा येतील. गाळ जाईलच असं नाही.

यावर प्रशासनाचं उत्तर दरवेळी एकच असतं, खेपा अजून बारकाईनं मोजू. आधी पावत्या आल्या. मग गाड्यांवर जीपीएस आला. मग काट्यावर कॅमेरे. मग गाळ भरताना आणि टाकताना व्हिडिओ काढणं सक्तीचं झालं, आणि २०२५ पासून ते व्हिडिओ तपासायला कृत्रिम बुद्धिमत्ता. मी यातल्या कशाचीच टिंगल करत नाही. खोटी खेप पकडायला ही साधनं चांगलीच आहेत. पण समजा, उद्या एकही खेप खोटी राहिली नाही. शंभर टक्के खऱ्या खेपा, शंभर टक्के खरं वजन. तरी नाल्याचा तळ दिसेल का? सोपा काठ आहे तिथून, पोकलेन पोचतं तिथून, पुन्हा पुन्हा उपसून टन पुरे करता येतात. पुलाखालचा, झोपड्यांमागचा, वळणावरचा गाळ तसाच राहू शकतो, आणि पाणी नेमकं तिथेच अडतं. नाला साखळीसारखा असतो. एक कडी अडली की सगळा अडला. टनांच्या बेरजेत ती कडी दिसत नाही.

म्हणून मे महिन्यात "८५ टक्के नालेसफाई पूर्ण" अशा तऱ्हेची बातमी येते तेव्हा मी स्वतःशी विचारतो, कशाचे टक्के? ठरवलेल्या टनांचे. आणि ते टन ठरवले कुणी, कशावरून? वर्षाच्या गाळाचा ८० टक्के वाटा पावसाआधी, १० टक्के पावसात, १० टक्के नंतर, हे गणित तरी पावसाला कुणी कळवलंय? २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत आला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. सफाईची मुदत ३१ मे होती. कागदावर अजून पाच दिवस शिल्लक होते आणि दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवर पाणी होतं. तारखेवर काम लावलं की असं होतं. भाच्याच्या करारात तारीख नसते. तिथे लिहिलेलं असतं, पाच सेंटिमीटर.

*

आता डिझेलविषयी, कारण हल्ली या विषयावर कुणाशी बोलायला जावं तर गाडी तिथेच वळते. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं हवेच्या प्रदूषणावरच्या सुनावणीत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्यानं हटवता येतील का, हे तपासायला सांगितलं. सरकारनं त्याच महिन्यात सात जणांची समिती नेमली. माझा त्याला विरोध नाही. आमच्या दारूखान्यात माझ्या पिढीतल्या किती जणांना खोकला आहे ते मोजायला समिती लागत नाही. वडील गेले तेही छातीच्या दुखण्यानंच. धूर कसा असतो ते मला कुणी शिकवू नये.

पण सुशिक्षित मुंबईकराच्या तोंडी "हे ट्रक शहरातून घालवा" हे वाक्य ज्या सहजतेनं येतं, त्यावर माझा राग आहे. २०१३ पासून इस्टर्न फ्रीवे आमच्या डोक्यावरून जातो. २०२५ च्या मे महिन्यात रे रोडचा नवा केबलवाला पूल सुरू झाला, रात्री त्याच्यावर रोषणाई असते, लोक फोटो काढतात. या सगळ्याचा दगड, खडी, सिमेंट, सळई कशानं आली? डिझेल ट्रकनं. तुमच्या इमारतीची माती कशानं गेली? तुमच्या नाल्याचा गाळ कशानं जाणार? ट्रक हवा, पण तो दिसायला नको. रात्री यावा, सकाळी सहाच्या आत जावा, त्याला उभं राहायला जागा मागू नये, ड्रायव्हरनं झोपायला जागा मागू नये. आणि पाणी तुंबलं की वाहतूक कोंडीचा दोषही त्याच्याच माथी.

गाळ उपसायला उद्या विजेवर चालणारे डंपर आले तर मी नारळ फोडायला पुढे असेन. तोवर २०२० नंतरच्या बीएस-सहाच्या गाड्या लावा, जुन्या लावू नका, करारातच तसं लिहा. एवढं आजच करता येईल. पण इंधन बदलल्यानं हिशेब बदलत नाही. विजेच्या डंपरच्याही चार खेपा कागदावर मारता येतात. उलट कागदावरचा ट्रक हा जगातला सगळ्यात स्वच्छ ट्रक. धूर नाही, आवाज नाही, डिझेलही लागत नाही.

*

"तिकडची तुलना इकडे कशाला?" हा प्रश्न येणार. तिकडे लोक शिस्तीचे, पैसा जास्त, वगैरे. हे खरं नाही. तिकडेही हेच झालेलं आहे. फरक पुढच्या भागात आहे.

१९७९ च्या जानेवारीत शिकागोत प्रचंड बर्फ पडला. महापौर मायकेल बिलांडिक यांनी जाहीर केलं की शाळांची पार्किंगची मैदानं साफ केली आहेत, लोकांनी गाड्या तिथे नेऊन उभ्या कराव्यात. लोक गेले तर मैदानं बर्फानं भरलेली. पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणूक होती. बिलांडिक हरले, जेन बर्न जिंकल्या आणि शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. त्याआधी १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागातले रस्ते कित्येक दिवस बर्फाखाली राहिले, तेव्हा महापौर जॉन लिंडसे यांना तिथल्या लोकांनी तोंडावर हुर्यो दिली. न्यूयॉर्कमध्ये आज कचरा उचलणाऱ्या ट्रकनाच हिवाळ्यात पातं लावतात. गाड्या आणि माणसं पालिकेची. कोणत्या रस्त्यावरून ट्रक कधी गेला, हे नागरिकाला नकाशावर बघता येतं.

म्हणजे खोटं तिकडेही बोललं गेलं. पण बर्फ पांढरा असतो, दारात असतो, आणि मतदान जवळ होतं. आमचा गाळ पाण्याखाली असतो. आणि मताचं म्हणाल तर २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं मुंबई महापालिकेत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. चार पावसाळे. जाब विचारायला लोकांनी कुणाच्या दारात जायचं होतं?

बर्फाची आणखी एक सोय आहे. कुणीच हटवला नाही तरी वसंतात तो वितळतो. गाळ वितळत नाही. यंदाचा राहिलेला गाळ पुढच्या वर्षीच्या गाळाखाली बसतो, आणि पुढच्या वर्षी वरचा थर काढून सफाई झाली असं सांगितलं जातं.

*

मग करायचं काय? मी इंजिनिअर नाही. पण वही लिहिणाऱ्याला कुठली वही खोटी लिहिता येत नाही, हे कळतं.

नाल्याच्या भिंतीवर दर पन्नास मीटरवर रंगानं पट्टी रंगवा, मूळ तळापासून वरपर्यंत, आकड्यांसह. जुन्या नदीपुलांच्या खांबांवर असते तशी. गाळ जिथवर यायला नको तिथे लाल रेघ मारा. तळ पाण्याखाली असेल तिथे ओहोटीला काठी टाकून किंवा यंत्रानं खोली मोजा आणि ती तिथेच, भिंतीवरच्या फळीवर तारखेसकट लिहा. ठेकेदाराला पैसे टनाचे नकोत, मोसमाचे द्या. लाल रेघ झाकली गेली की ठरावीक दिवसांत गाळ काढायचा, मग तो मे असो, ऑगस्ट असो. पैशांचा मोठा हिस्सा ऑक्टोबरपर्यंत अडकवून ठेवा. खेपा किती केल्या, हा त्याचा प्रश्न. त्याला दोन खेपांत जमलं तर त्याचा फायदा. त्याच्या डिझेलचा हिशेब आपल्याला नको.

यावर तीन आक्षेप मला आधीच ऐकू येतात. पहिला, गाळ पुन्हा येतो, लोक कचरा टाकतात, भरती चिखल आणते, त्याला ठेकेदार काय करणार? खरं आहे. पण बर्फही पुन्हा पडतोच. म्हणून तर करार मोसमाचा. आणि कचरा नेमका कुठे पडतो, हेही त्या पट्टीवरूनच कळेल, आज कळत नाही. दुसरा, एकरकमी पैसे दिले तर ठेकेदार येणारच नाही. तेही खरं, म्हणून अडकवलेला हिस्सा आणि उघडी लाल रेघ. आज तो न येता पैसे घेऊ शकतो आणि आपल्याला समजतही नाही. तिसरा, पुलाखाली, झोपड्यांमागे मशीन जात नाही, तिथे मोजून काय करणार? तिथेच तर मोजायचं आहे. मशीन जात नाही तिथे जाणारं छोटं मशीन आणा. त्या घाणीत माणूस उतरवणं हे उत्तर नाही, २०१३ च्या कायद्यानंतर तर नाहीच.

यातलं काहीही महाग नाही. एक डबा लाल रंग, एक डबा पांढरा आणि मोजणारी काठी. महाग एकच गोष्ट आहे. पट्टी रंगवली की ती सगळ्यांना वाचता येते. शाळेतून घरी जाणाऱ्या मुलालाही. मग "८५ टक्के" म्हणायची सोय राहत नाही.

*

तो जौनपूरचा ड्रायव्हर आता गावी असतो. मागे त्याचा फोन आला होता, तब्येतीचं, पावसापाण्याचं बोलला. ठेवताना म्हणाला, "मेहताजी, वो चार खेप का पता चला क्या?" आणि खूप हसला. मीही हसलो, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो.

त्या चार खेपांचा हिशेब मी आता असा देतो आहे. उशीर झाला आहे, आणि डिझेलची ती वही शेठच्या ऑफिससोबत केव्हाच रद्दीत गेली. पुरावा म्हणून माझ्याकडे काही नाही. पण तुमच्या घराजवळून एखादा नाला जात असेल. येत्या मेमध्ये तिथे पोकलेन येईल, डंपर लागतील, फोटो निघतील. तेव्हा तिथल्या माणसाला किती गाळ काढला असं विचारू नका, त्याच्याकडे त्याचं उत्तर तयार असतं. तळ कुठे आहे, ते विचारा. आणि त्यानं हात करून पाण्याकडे दाखवलं, तर काठी मागा.